तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही

बदलापूर,
१० नोव्हेंबर १९९४

पद्मजा,

भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी तू गेलीस, आणि आज पाचव्या दिवशी मी लिहायला बसले आहे. सिंगापूरच्या एजंटच्या पत्त्यावर पत्र टाकलं की जहाज बंदराला लागेल तेव्हा ते मिळतं, असं हेमचंद्र भाऊजींनी कळवलं होतं. म्हणजे तुझ्या हातात पडेपर्यंत यातलं सगळं शिळं झालेलं असणार. तरी लिहिते.

आधी तुझ्या अंजूचं, कारण बाकीच्या ओळी सोडून तू तेच शोधशील. अंजू मजेत आहे. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी जराशी, आता विसरली. दोन वर्षांच्या मुलांचं असंच असतं, समोर जो दिसेल तो आपला. वरणभात खाते, माझ्याच हातून खाते. तू भरवताना टीव्ही लावायचीस ना, ते मी बंद केलं. हे कारखान्यातून आले की तिला पाठुंगळी घेऊन गच्चीवर पळतात. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

भाऊजींच्या नोकरीच्या जहाजाची ती इंग्रजी पुस्तिका माझ्याकडेच राहिली. तुला तिचा तसा उपयोगही नव्हता. दुपारी अंजू झोपली की मी काढून बसते. बेचाळीस पानं आहेत आणि मला ती आता जवळजवळ पाठ झाली आहेत. पोहण्याचे दोन तलाव आहेत आणि मागचा फक्त मोठ्या माणसांचा, हे तुला कोणी सांगितलं का? जेवणाच्या दोन पंगती असतात, सहाची आणि सव्वाआठची. आखूड चड्डी घालून पंगतीला बसता येत नाही. खोलीत इस्त्री, मेणबत्ती, उदबत्ती काही लावायचं नाही, तेव्हा तुझी पूजा कशी चालली आहे कोण जाणे. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, मग भाऊजींसाठी नेलेल्या अनारशांचं काय झालं? भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजला की केशरी जाकीट घालून आपल्या ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. हे मी तुला तीनदा समजावलं होतं. लक्षात असेल अशी आशा आहे. आणि नोकरदारांच्या घरच्या माणसांनी छातीवर नावाची पट्टी लावायची, नाटकाच्या दालनात पुढच्या रांगा तिकीट काढून आलेल्यांना सोडायच्या. तो नियम वाचून मला बरं वाटलं. का ते विचारू नकोस.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. बी.ए.ला इंग्रजी मी घेतलं. बदलापुरातली निम्मी मुलं माझ्या शिकवण्यांवर दहावी पास झाली. जहाजाच्या मजल्याला डेक म्हणतात, हे तुला मी शिकवलं. आणि त्या डेकवर उभी कोण आहे, तर उल्हासनगर चार नंबर कॅम्पची पद्मजा, जी अजून 'चालेल'च्या जागी 'चलेगा' म्हणते.

रागावू नकोस. थट्टा करते आहे.

तिथं काय काय खाल्लंस ते लिही. समुद्र कसा दिसतो ते नको लिहूस.

वृंदावहिनी


बदलापूर,
२४ नोव्हेंबर १९९४

पद्मजा,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा खालच्या मालिनीताई धावत वर आल्या. मी उतरेपर्यंत दोन मिनिटं गेली, आणि मग लाइनच तुटली. तुझं मला एवढंच ऐकू आलं, "वहिनी, इकडे तर..." पुढचं काही नाही. मी पुष्कळ वेळ रिसीव्हर धरून उभी होते. अंजू झोपली होती म्हणून तिला आणलं नाही. झोपेतून उठवली की किती किरकिरते ते तुला माहीत आहे.

सोबत फोटो पाठवते आहे. अंबरनाथला स्टुडिओत जाऊन काढला. फ्रॉक मी शिवला आहे, लेस चार नंबरच्या बाजारातून आणली. अंजूचे केस आखूड दिसतील. डोक्यात घाम फार यायचा म्हणून कापून टाकले. तू वाढवत होतीस ते मला माहीत होतं, पण इथं रोज विंचरायचं मला असतं. फोटोवाला म्हणाला, "बेबी अगदी आईवर गेलीय." फोटो चांगला यावा म्हणून मी काही बोलले नाही. बोलून त्याला काय करायचं होतं?

परवा तिने मला 'आई' अशी हाक मारली. मी लगेच "काकू म्हण" असं सांगितलं. तिने पुन्हा 'आई' म्हटलं. लहान मुलांना किती वेळा दुरुस्त करायचं!

कौसाबाईला तर बोलायला काहीतरी लागतंच. सोनिवलीहून चालत येते, धुणं आपटता आपटता सगळ्या आळीचा न्याय करते. काल म्हणाली, "वैनी, पोर दुपारची दारात जाऊन बसतंय. आयेची वाट बगतंय गो ती."

मी म्हटलं, "दारात मांजर येतं, ते बघायला बसते."

"मांजर सकालचं येतंय," ती म्हणाली.

तिचं काय मनावर घ्यायचं. सोनिवलीवरून आठवलं, तुमच्या नव्या इमारतीचा दुसरा मजला चढला. हे बघून आले. म्हणाले, हेमच्या ब्लॉकला दोन गॅलऱ्या आहेत. मी म्हटलं, असू देत.

पुस्तिकेत पान तेवीसवर लिहिलं आहे की लग्नाचा वाढदिवस असेल तर आधी कळवावं, म्हणजे पंगतीत केक आणून वाढपी गाणं म्हणतात. तुमचा एकोणतीसला असतो. तू ते वाचलं नसशील, म्हणून सांगितलं. अर्थात हे पत्र तुला मिळेल तेव्हा एकोणतीस तारीख होऊन गेलेली असेल.

वृंदावहिनी


बदलापूर,
६ डिसेंबर १९९४

पद्मजा,

तुझं पत्र काल मिळालं. तू असं लिहिशील असं मला वाटलं नव्हतं.

तू लिहितेस, "जहाजावर पाऊल टाकलं आणि ह्यांनी पहिलं विचारलं, अंजू कुठाय? मी म्हटलं, तीन वर्षांच्या आतली मुलं चालत नाहीत ना. हे माझ्याकडे बघतच राहिले." पुढे लिहितेस, "वहिनी, इथे सगळा बच्चा लोक आहे. रांगणारी मुलं आहेत. सहाव्या डेकवर त्यांच्यासाठी मोठं दालन आहे, रंगीत बॉल भरलेली टाकी आहे. मी काचेबाहेर उभी राहते. तिथली बाई रोज मला विचारते, युअर बेबी? मी नो म्हणते. एवढं इंग्लिश मला येतं."

आता माझं ऐक. मी वाचलं तसंच तुला सांगितलं. पुस्तिकेचं अक्षर मुंगीएवढं आहे. गणपतीचे दिवस, घरात पाहुणे, त्यात तू घाईघाईने समोर आणून धरलीस. पान एकोणीसवर स्वच्छ लिहिलं आहे की मुलांच्या दालनात तीन वर्षं पूर्ण झालेली मुलंच ठेवून घेतील. त्याहून लहान असेल तर आईने किंवा वडिलांनी सोबत बसायचं. तीन वर्षं हा आकडा तिथं आहे. मी तो मनाने बनवलेला नाही. आता तो दालनाचा नियम की सगळ्या जहाजाचा, यात एखाद्याची गफलत होऊ शकते.

आणि भाऊजींचं म्हणशील, तर त्यांना आधी कळायला नको होतं का? मान्य, ते दिवाळीच्या तोंडावर या जहाजावर चढले. त्यांच्या आधीच्या जहाजावर मुलांना मुळीच घेत नव्हते, म्हणूनच त्यांनी लिहिलं होतं की नव्या जहाजाचे नियम वहिनींकडून वाचून घे. पण म्हणून सगळा भार एकट्या वहिनीवर? मी काय त्या कंपनीची नोकर आहे?

तिकीट पाच जानेवारीचं आहे आणि बदलून मिळत नाही, असं तू लिहिलंस. अंजूला कोणाबरोबर पाठवता येईल का, असंही विचारलंस. कसं पाठवणार? तुझ्या पासपोर्टमध्ये तिचं नाव घातलेलं नाही. एक महिना कसातरी काढ. इथं तिला काही कमी नाही. तुझं पत्र वाचून दाखवायला मी तिला मांडीवर घेतलं तर ती कागद ओढायला लागली, म्हणून ठेवून दिलं.

तू काचेबाहेर उभी राहू नकोस. त्या बाजूला जाऊच नकोस. वाचनालय आहे, सिनेमा आहे, तलाव आहेत. एवढं सगळं फुकट मिळत असताना नेमकं तिथंच जाऊन उभं राहायचं म्हणजे स्वतःलाच त्रास करून घ्यायचा.

वृंदा


बदलापूर,
१५ डिसेंबर १९९४

पद्मजा,

तू यांना कारखान्याच्या पत्त्यावर वेगळं पत्र लिहिलंस. ते बरोबर केलंस. आज मी ते म्हणू शकते. मंगळवारी म्हणू शकले नसते.

मंगळवारी हे घरी आले, बूटही काढले नाहीत. अंजू पायांना बिलगली तर तिला उचलून कौसाबाईकडे दिली. मग मला म्हणाले, "ती पुस्तिका कुठंय?"

"कुठली?"

"वृंदा."

मी उशाखालून काढून दिली. उभ्यानेच पानं उलटली त्यांनी. त्यांना अकरावं पान सापडायला वेळ लागला नाही, कारण ते पान आपोआप उघडतं आता. बोट ठेवून म्हणाले, "हे काय लिहिलंय?"

"तुम्हाला वाचता येतं ना?"

"मला येतं," हे म्हणाले. "तिला येत नाही."

त्यानंतर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. ओरडले असते तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण असं कोणी बोलायचं थांबलं की मला काही सुचत नाही. जेवताना फक्त एवढं म्हणाले, "खरं काय झालं ते तिला लिही. माझ्यासाठी नको लिहूस. मला कळलंय."

तेव्हा लिहिते.

अकराव्या पानावर लिहिलं आहे, सहा महिने पूर्ण झालेल्या मुलांना जहाजावर घेतलं जाईल. त्याच्याखाली लिहिलं आहे, बाळासाठी खोलीत पाळणा हवा असल्यास आधी कळवावं, पाळण्याचे वेगळे पैसे नाहीत. अक्षर बारीक आहे, पण एवढं नाही. मला ते पहिल्याच वेळी दिसलं.

गणपतीतली ती दुपार आठव. तू खाली बसली होतीस, अंजू माझ्या मांडीवर झोपली होती. झोपेत माझ्या पदराचं टोक तिच्या तोंडात होतं. तू म्हणालीस, "वहिनी, अंजूला नेता येईल का ते बघा ना." मी अकरावं पान वाचलं. मग मी पुढची पानं उलटत गेले. मला काय शोधायचं होतं ते तोपर्यंत मला माहीत नव्हतं, हे शपथेवर सांगते. एकोणिसाव्या पानावर तीन वर्षं दिसलं आणि मला कळलं की मी हेच शोधत होते. मी वर पाहिलं आणि म्हटलं, "तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही."

तुझा चेहरा उतरला. तू लगेच म्हणालीस, "मग मी पण नाही जात." तिथं मला थांबता आलं असतं. थांबा, पुन्हा नीट बघते, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "वेडी आहेस का? मी आहे ना!" आणि तू माझे हात हातात घेतलेस. "वहिनी, तुम्ही आहात म्हणून," असं म्हणालीस. तू बोललीस ते सगळं मला आठवतं आहे. पाठ केल्यासारखं.

मुंबईच्या एजंटचा फॉर्मही मीच भरला. 'बरोबर येणारी मुले' असा रकाना होता. त्यात मी लिहिलं, नाहीत. मी आजवर रेशनकार्डावर, दवाखान्यात, यांच्या कारखान्याच्या कागदांवर तो शब्द इतक्यांदा लिहिला आहे की हात सवयीने चालला असं सांगून मी सुटू शकले असते. पण हात सवयीने चालला नव्हता. त्या दिवशी तो शब्द मी तुझ्या नावापुढे लिहिला आणि मला बरं वाटलं.

आणि फोन. लाइन तुटली नव्हती. तू म्हणालीस, "वहिनी, इकडे तर अंजूहून लहान मुलं आहेत, तो नियम कुठल्या पानावर आहे?" मी रिसीव्हर खाली ठेवला. अंजू झोपलेली नव्हती. ती माझ्या कडेवर होती. तुझा आवाज तिला ऐकू गेला असावा, कारण तिने त्या काळ्या रिसीव्हरकडे हात केला. मी मालिनीताईंना सांगितलं, लाइन तुटली.

ती दारात बसते ते मांजरासाठी नाही.

हे म्हणतात, तुला पद्मजाच्या प्रवासाचा हेवा वाटला म्हणून तू तो नासवलास. ते अर्धंच खरं आहे. हेवा वाटला, पोटात आग पडावी इतका वाटला. मला वाटायचं, मी शिकले, मी वाचलं, आणि देश बघायला ही जाणार. पण नुसतं तेवढंच असतं तर मी तुला चार टोमणे मारून गप्प बसले असते. तुझ्याजवळ दोन्ही होतं, पद्मजा. जायचंही होतं आणि बरोबर न्यायलाही कोणी होतं. मला वाटलं, एका वेळी एकच घे. दोन महिने तरी एक मला राहू दे.

केस मी घामासाठी कापले नाहीत. तू वेणी घालायचीस, आणि माझ्याकडून वेणी घालून घेताना ती म्हणायची, "आईसारखी नाही."

हे रविवारी कल्याणला जाऊन तिथून तुम्हाला फोन लावणार आहेत. अंजूला घेऊन जाणार आहेत. मी जाणार नाही, असं त्यांनीच ठरवलं आहे.

वृंदा


बदलापूर,
२० फेब्रुवारी १९९५

पद्मजा,

तू चार नंबरला माहेरी राहतेस, मी इथे. रिक्षाने यायचं म्हटलं तर पाऊण तासही लागत नाही. तरी पोस्टाने लिहिते आहे, कारण समोर आले तर तू दार लावून घेशील आणि ते बरोबरच होईल.

हे दर रविवारी तुमच्याकडे येतात, अंजूला भेटून घरी परततात आणि काही सांगत नाहीत. मी विचारत नाही. मागच्या रविवारी शर्टाच्या खिशात लाल खडूचा तुकडा होता. धुण्यात सगळ्या कपड्यांना लागला. कौसाबाईने शिव्या घातल्या.

सात जानेवारीबद्दल मला लिहायचं आहे. त्या दिवशी तू मला काही लागेल असं बोलली नाहीस, आणि मला वाटत राहतं की तू बोलायला हवं होतंस.

तू दारात उभी होतीस, हातात बॅग तशीच. सावळी झाली होतीस, वाळली होतीस. अंजू तुझ्याकडे बघत राहिली. तू खाली बसलीस, हात पुढे केलेस, "अंजू, ये." आणि ती वळली, धावत आली आणि माझ्या साडीत तोंड खुपसून उभी राहिली.

मला त्या क्षणी काय झालं ते मी दीड महिना स्वतःपासून लपवते आहे. मी हसले. ओठ दाबून धरायला हवे होते, पण आतून इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर आलाच. तू पाहिलंस. तू खाली बसलेली होतीस, तुझी मान वर होती, तुझे डोळे सरळ माझ्या चेहऱ्यावर होते.

तू एवढंच म्हणालीस, "वहिनी, तुम्ही हसलात."

नियम खोटा सांगितला, त्याची माफी मी डिसेंबरातल्या पत्रात मागायला हवी होती. पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की सगळं कबूल केलं, फक्त माफ कर असं कुठेच लिहिलं नाही. ते आता लिहिते. पद्मजा, मला माफ कर. फॉर्मबद्दल, फोनबद्दल, केसांबद्दल. पण त्या हसण्याबद्दल माफी कशी मागायची ते मला कळत नाही. ते मी केलं नव्हतं. ते झालं होतं.

पुढचं मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. तू अंजूला ओढलं नाहीस. खाऊ दाखवून बोलावलं नाहीस. कौसाबाई मटार सोलत बसली होती, तू जाऊन तिच्याशेजारी बसलीस आणि सोलायला लागलीस. कौसाबाईला जहाजाचं सांगू लागलीस. तिने विचारलं, "पानी किती खोल?" तू म्हणालीस, "मोजायला कोन उतरतंय?" दोघी हसलात. अंजू आधी भिंतीला टेकून उभी राहिली. मग जवळ आली. एक दाणा उचलून खाल्ला, तुझ्याकडे पाहिलं. तू तिच्याकडे न बघता आणखी एक शेंग फोडून तिच्यापुढे धरलीस. किती वेळ चाललं होतं ते, माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद केला, तरी चाललं होतं. शेवटी ती तुझ्या मांडीवर कधी गेली ते मला कळलं नाही, कारण मी पाठ फिरवली होती. माझ्याच्याने बघवत नव्हतं.

मग रिक्षा आली. तू तिचे कपडे मागितलेस. मी सगळे दिले, मी शिवलेला फ्रॉकही दिला. तो तू काढून खाटेवर ठेवलास आणि बाकीचे नेलेस.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

वृंदा


बदलापूर,
४ ऑक्टोबर १९९८

पद्मजा,

काल पोस्टमनने पत्र दिलं आणि पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नाही. पत्ता इंग्रजीत होता. इंग्रजी तुझ्याच हातचं आहे हे आत तुझी सही बघून कळलं. वळण सुरेख आहे. कोणाकडे शिकलीस ते मी विचारत नाही. माझ्याकडे नाही शिकलीस, एवढं माझ्या लक्षात आलं.

पावणेचार वर्षांत मी तुला सात पत्रं टाकली असतील. एकाचंही उत्तर आलं नाही आणि मी तक्रार केली नाही. शहाण्णव साली तू अंजूला घेऊन जहाजावर जाऊन आलीस, ते मला यांच्याकडून कळलं. ती चार वर्षांची होती, त्या दालनात एकटी राहायची, कागदाचे मुखवटे करायची. ते ऐकून दोन दिवस मी शिकवण्या घेतल्या नाहीत. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. तुला वाटेल, अजूनही? हो, अजूनही.

मे महिन्यात अंबरनाथला लग्नात आपण समोरासमोर आलो. तू मला टाळून गेली असतीस तर मी समजू शकले असते. पण अंजूच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सहा वर्षांची, लांब दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. मला म्हणाली, "तुम्ही कोण?"

तिच्या डोळ्यांत काही नव्हतं, पद्मजा. ओळख नव्हती, भीती नव्हती, राग नव्हता. ते दोन महिने तिच्या आयुष्यात झालेच नाहीत.

तू मागून आलीस. मला वाटलं, आता हिला हात धरून घेऊन जाशील. तू म्हणालीस, "अंजू, या तुझ्या मोठ्या काकू. तू दोन वर्षांची असताना आई बाबांकडे जहाजावर गेली होती ना, तेव्हा तू यांच्याजवळ राहिली होतीस. यांनी तुला खूप जपलं."

अंजूने वाकून नमस्कार केला आणि आइस्क्रीमकडे पळाली.

मी तुला म्हटलं, "असं का सांगितलंस तिला?"

तू म्हणालीस, "जपलं नाही का तुम्ही?"

"जपलं. पण..."

"मग तेवढं तिला पुरे आहे. बाकीचं माझं आहे."

मी घरी आले आणि तुझ्यावर चिडले. खरं सांगते. एवढं मोठं मन हिला कुठून आलं, मला का नाही, याचा मला हेवा वाटला. इतक्या वर्षांत तुझ्या कुठल्या गोष्टीचा मला हेवा वाटला नाही ते मी आठवून बघितलं. एकही सापडली नाही.

आता तुझं कालचं पत्र. तू लिहितेस, सोनिवलीच्या ब्लॉकमध्ये राहायला आलात त्याला महिना झाला, आता एवढं जवळ राहून तोंड फिरवून जायचं बरं दिसत नाही. आणि अंजूला दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस माझ्याकडे पाठवतेस, तिला माझ्याकडून इंग्रजी वाचून घेऊ देत.

मी ते पत्र पाच वेळा वाचलं. यांना वाचून दाखवलं. हे उठून गच्चीत गेले आणि पुष्कळ वेळाने आले, डोळे धुतलेले होते. कौसाबाईला सांगितलं, तर तिने साबणाचा हात कपाळाला लावला. म्हणाली, "पोर येतंय तर मी सुट्टी नाय घेत."

मी दुपारभर विचार केला. काय स्वयंपाक करायचा, तिला कुठे झोपवायचं, वेण्या कशा घालायच्या, सगळं ठरवून झालं. मग माझ्या लक्षात आलं की हे सगळं ठरवताना तू कुठेच नाहीस. मनात मी घर लावलं, जेवण लावलं, ती आली, खेळली, झोपली, आणि तिला नेण्यासाठी तू येतेस तेवढा भाग मी केलाच नव्हता. चार दिवसांच्या पुढचा विचार माझ्या मनात आला नाही. तेव्हा मी उठून हे पत्र लिहायला बसले.

म्हणून सांगते. अंजूला एकटीला पाठवू नकोस. मला ती नको असं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार नाही. तू पण ये. चार दिवस राहायला ये, तुझा बिछाना तिच्याशेजारी घालते. मी तिला वाचून दाखवत असेन तेव्हा तू तिथंच बस, आणि मी चुकीचं वाचलं तर तिच्यासमोर मला टोक. आता तुला येतं.

तू आली नाहीस तर तिलाही पाठवू नकोस. मी यांना काय सांगायचं ते सांगेन.

वृंदा